ब्रेक दाबला की थरथरणारी गाडी

इंटर म्हणजे बारावी झाली, पण एन्ट्रन्सला रँक काही धड आली नाही. तेव्हा मी एक वर्ष घरी बसून पुन्हा तयारी करायची असं बाबांनी ठरवलं, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी, आई गेल्यानंतर, दुसरं लग्नही केलं. बाबांची नोकरी हैदराबादला, सरकारी कचेरीत. महिन्यातून एकदा शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळच्या बसने परत जायचे. म्हणजे बोथ गावच्या घरात मी आणि बाबांची नवी बायको अशा दोघीच राहिलो. ‘यांना मावशी म्हण,’ असं मला विहारातल्या बायकांनीही सांगितलं आणि आत्यानेही सांगितलं. मी कबूल केलं. पण हाक मारायची वेळच फारशी येत नसे. त्या स्वयंपाकघरात असल्या की मी पुढच्या खोलीत असे, आणि त्या पुढच्या खोलीत आल्या की मला अंगणातले कपडे काढायचे आठवत.

मावशी इंद्रवेल्लीच्या पलीकडे मुलींच्या आश्रमशाळेत गणित शिकवत. शाळा तेलुगू माध्यमाची, मुली बहुतेक गोंड पाड्यांवरच्या. त्यांची नोकरी आमच्या घरापेक्षा जुनी होती आणि गाडीही. लग्नाआधीच त्यांनी एक सेकंडहँड छोटी गाडी घेतली होती, पांढरी, मागच्या दाराला पोचा आलेली. आमच्या गल्लीत तेव्हा गाडी चालवणारी बाई दुसरी नव्हती. सकाळी त्या गाडी मागे घेत तेव्हा समोरच्या घरातले आजोबा दात घासायचे थांबत आणि गाडी वळून जाईपर्यंत ब्रश तोंडात तसाच धरून बघत राहत. मावशी त्यांच्याकडे कधी बघत नसत. काच वर करून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, पाठ ताठ करून त्या निघून जात.

मग दिवसभर घरात मी आणि माझी पुस्तकं. शेजारच्या भिंतीपलीकडे दुपारी तेलुगू मालिका चालत. मला त्यातल्या सासूचा आवाज पाठ झाला होता, चेहरा मात्र मी कधी पाहिला नाही. पाण्याची टाकी भरली की वरून पाणी पडायचा आवाज येई, मी मोटर बंद करी आणि पुन्हा घर गप्प होई. मावशी जाताना माझ्यासाठी ज्वारीच्या भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवत, अंबाडीची भाजी किंवा वरण ठेवत, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यांच्या हाताला चव होती. आईची अंबाडी आंबटढाण असे. मावशी तीत थोडी तुरीची डाळ आणि वरून लसणाची फोडणी घालत. मला ती आवडायची. आवडते असं मी बोलून दाखवलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. रात्री आम्ही एकाच खोलीत जेवत असू, पण ताटांच्या मधे पाण्याचा तांब्या, भाजीचं पातेलं, भाकरीचा डबा असं बरंच काही असे. ‘अजून घे.’ ‘पुरे.’ इतकंच बोलणं. आता मागे वळून पाहते तर वाटतं, त्या घरात कुणी कुणाशी वाईट वागत नव्हतं. दोन माणसं आपापल्या जागी नीट बसलेली होती, बस एवढंच.

थंडी सुरू झाली, शेतांत कापूस फुटला, आणि एका संध्याकाळी मावशी घरी आल्या त्या नेहमीसारख्या थेट हातपाय धुवायला गेल्या नाहीत. ओसरीवर बसल्या आणि स्वतःचे तळहात बघत राहिल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“गाडी थरथरते,” त्या म्हणाल्या. “हायवेला ब्रेक दाबला का स्टेरिंग असं करते.” त्यांनी दोन्ही हात हवेत धरून डावीउजवीकडे झपाझप हलवून दाखवले. एरवी त्या हात हलवून बोलत नसत.

आमच्या गावापासून हायवेपर्यंतचा रस्ता अरुंद, तिथे गाडी पळवता येत नाही. हायवेला लागलं की गुडीहत्नूरच्या फाट्यापर्यंत मोकळा चौपदरी रस्ता, आणि फाट्यावरून इंद्रवेल्लीकडे वळलं की पुन्हा वळणं, सागाचं रान, गुरं, शाळेची पोरं. थरथर फक्त मधल्या मोकळ्या पट्ट्यात होई. मावशींनी आधी तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका टायरवाल्याकडे गाडी दाखवली. त्याने चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं. काही फरक पडला नाही. मग त्यांनी इच्चोड्याच्या रफीकभाईंकडे नेली. रफीकभाई आमच्या भागातले जुने मेकॅनिक, दाढी मेंदीने लाल केलेली, बोलणं मोठ्याने. त्यांनी पुढच्या चाकांतल्या ब्रेकच्या डिस्क काढल्या, लेथवाल्याकडून तासून सपाट करून आणल्या आणि पुन्हा बसवल्या. काही आठवडे गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. मग थरथर परत आली, आणि आधीपेक्षा जोरात आली.

त्या महिन्यात बाबा आले तेव्हा त्यांनी गाडी स्वतः चालवून पाहिली. गावातल्या गावात, बसस्टँडपर्यंत आणि परत.

“काहीच तर होत नाही,” ते म्हणाले. “तुमी ब्रेकवर पाय ठेवून चालवत असान.”

“नाही ठेवत,” मावशी म्हणाल्या.

“बायांचं असं होते कधीकधी. भीती वाटली का पाय जाते ब्रेकवर.” बाबा हे काही रागाने बोलले नव्हते. बाबा कधीच रागाने बोलत नसत. त्यांना घरातली प्रत्येक गोष्ट रविवारच्या बसच्या आत मिटवायची असे. मावशींनी त्यांना चहा दिला. बाबा गेल्यावर त्या बराच वेळ कपबशा विसळत होत्या. दोनच कपबशा होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. तयार होऊन, खांद्याला पर्स, हातात किल्ली. आत आल्या नाहीत.

“प्रज्ञा, आज माझ्यासंग येशील का?”

मला वाटलं दवाखान्यात वगैरे जायचं असेल. “कुठं?”

“शाळेत. म्हणजे, शाळेसाठी नाही. मी चालवून राह्यली असतानी मले निस्तं हातात समजते. बाजूच्याला काय समजते ते मले माहीत नाही. कोणीतरी बाजूला बसाले पाह्यजे.” मग म्हणाल्या, “पुस्तकं घे संग. तिथं झाडाखाली बसून वाच. संध्याकाळी आणतो तुले परत.”

मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. कदाचित मालिकेतल्या सासूचा कंटाळा आला असेल.

हायवेवर सकाळचं धुकं होतं आणि कापसाने भरलेले ट्रॅक्टर बाजूच्या पट्टीवरून चालले होते. धुकं विरळ होऊन रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसला तेव्हा मावशींनी वेग वाढवला. नव्वद, शंभर. “माग कोणी आहे का पाह्य,” त्या म्हणाल्या. मी वळून पाहिलं, कुणी नव्हतं. त्यांनी ब्रेक दाबला आणि माझ्यासमोरचा डॅशबोर्ड खडखडायला लागला. कप्प्यात ठेवलेली पेनं नाचली. मावशींच्या हातातलं स्टिअरिंग इतकं हलत होतं की त्यांच्या बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या. वेग साठाच्या खाली आला तशी थरथर विरली, आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी चालू लागली.

“बसाच्या जागी लागलं तुले? का पायाखाली?” त्यांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. “नाई. सीट शांत होती. समोरचंच हलत होतं.”

“नक्की?”

“पुन्हा करा.”

त्यांनी पुन्हा केलं. मी डोळे मिटून बसले. खरंच, माझ्या पाठीला, मांड्यांना काही जाणवत नव्हतं. सगळं पुढून, स्टिअरिंगच्या दांड्यातून येत होतं. मग मावशींनी ब्रेक न दाबता नुसताच पाय उचलून शंभरावरून गाडी आपोआप हळू होऊ दिली. काही नाही, लोण्यासारखी. “पाह्यलं?” त्या म्हणाल्या. “चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असतं, तर ब्रेक न दाबता पण हललं असतं. त्यानं उगीच चाकं काढली.” आणखी पुढे एका सरळ रिकाम्या पट्ट्यात त्यांनी हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि तो हळूहळू वर ओढला, कारण हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी हळू झाली, पण थरथरली नाही. म्हणजे दोष मागे नाही. पुढे आहे, आणि ब्रेकच्याच आसपास आहे.

हे सगळं त्यांनी मला वर्गात समजावतात तसं समजावलं, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. घरात त्या शब्द मोजून वापरत. इथे त्यांना बोलायला आवडत होतं. ‘लेक्कलू’ म्हणजे गणितं शिकवताना त्या कशा दिसत असतील ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुपारी मी ते वर्गाच्या खिडकीतून पाहिलंही. फळ्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला तेलुगूत म्हणत होत्या, घाई नको, आधी काय माहीत आहे ते लिही.

त्या दिवसापासून मी बऱ्याचदा त्यांच्याबरोबर जाऊ लागले. शाळेच्या आवारात एक मोठं मोहाचं झाड होतं. मी त्याच्या पारावर बसून फिजिक्स वाची. जेवणाच्या सुट्टीत मुली भोवती जमत. एकीने, आठवीतली असावी, मला विचारलं, तू मॅडमची मुलगी का? मी काही म्हणायच्या आत मावशी मागून म्हणाल्या, “आमच्या घरची आहे.” मुलीचं समाधान झालं. मला मात्र दिवसभर ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. मुलगी म्हणाल्या असत्या तर मला आवडलं नसतं. आणि तसं म्हणाल्या नाहीत, हेही कुठेतरी लागलं. त्या वयात माणसाला काय हवं असतं ते त्याचं त्यालाही माहीत नसतं, आणि आता केस पिकायला लागले तरी मला त्याचं उत्तर नीटसं सापडलेलं नाही.

रफीकभाईंना मावशींनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, डिस्क पुन्हा तासता येणार नाही, पातळ झाली आहे, नवी टाकावी लागेल, आदिलाबादहून मागवतो. नव्या डिस्क यायच्या होत्या त्याच आठवड्यात ते झालं.

शाळेतून परत येत होतो. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर लांब सावल्या होत्या. मागून एक ट्रक अगदी जवळ येऊन हॉर्न देत होता म्हणून मावशींनी वेग वाढवला होता. तेवढ्यात समोर, रस्त्याच्या मधल्या तुटलेल्या दुभाजकातून, कापसाचा एक ट्रॅक्टर आडवा आला. उलट्या बाजूने, निवांत, जणू शेतातच आहे. मावशींनी ब्रेक दाबला. गाडी अशी हादरली की माझे दात वाजले. स्टिअरिंग त्यांच्या हातातून सुटू बघत होतं. त्या थरथरीने घाबरून त्यांचा पाय क्षणभर ब्रेकवरून उचलला गेला, आणि तेवढ्यात ट्रॅक्टरची मागची ट्रॉली इतकी जवळ आली की गोणपाटातून बाहेर आलेला कापूस मला एकेक बोंडासारखा दिसला. मावशींनी गाडी डावीकडे घातली. आम्ही डांबरावरून खाली उतरलो, खडीवरून घसरलो, एका तुरीच्या शेतात चार-पाच ओळी मोडत गेलो आणि थांबलो. ट्रक हॉर्न देत निघून गेला. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

दोघींना काही लागलं नव्हतं. काचेवर तुरीच्या शेंगा पडल्या होत्या. मावशींनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि ती हातात घट्ट धरून बसल्या. मी दार उघडून बाहेर आले, पलीकडे जाऊन त्यांचं दार उघडलं. “उतरा,” मी म्हणाले. “मावशी, उतरा.” त्या उतरल्या आणि शेतात तिथेच बसल्या. मी शेजारी बसले. वरून पोपटांचा एक थवा ओरडत गेला. थोड्या वेळाने शेताचा मालक आला. तो मोडलेली तूर बघत काही बोलणार होता, मग मावशींकडे पाहून मुकाट्याने त्याने गळ्यातला पाण्याचा कॅन पुढे केला.

घरी आल्यावर बाबांचा फोन आला. कुणीतरी हायवेवर गाडी पाहिली होती, बातमी आमच्याआधी हैदराबादला पोहोचली होती. स्वयंपाकघरात मावशी फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि मी शेंगा निवडत बसले होते. बाबांचा आवाज मला ऐकू येत होता.

“इकून टाका ती गाडी,” ते म्हणत होते. “तुमच्यानं चालवणं होत नाही. शाळेतच क्वार्टर मिळते ना? तिथं राहा. शनिवारी-रविवारी या. प्रज्ञाले मी हॉस्टेलला टाकतो इकडं.”

मावशी म्हणाल्या, “बरं.”

तो ‘बरं’ मी अजून विसरले नाही. त्यात राग नव्हता, दुःख नव्हतं. एखाद्या पाहुण्याला, उठा आता, असं सांगितल्यावर त्याने म्हणावं तसा होता. मी उठले आणि त्यांच्या हातातून फोन घेतला. शेंगांनी माझे हात हिरवे झाले होते, फोनला डाग पडला.

“बाबा, गाडी थरथरते. त्या नाही थरथरत.”

“तुले काय समजते गाडीतलं?”

“मी बाजूला बसून राह्यली न महिनाभर. दोष पुढच्या चाकात आहे. नव्या डिस्क येऊन राह्यल्या. तुमी बसस्टँडपर्यंत चालवून पाह्यली, तिथं साठच्या वर जातच नाही गाडी. तिथं काय समजणार?” मला वाटतं बाबांशी एवढं सलग मी त्याआधी कधी बोलले नव्हते. “आज यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर ट्रॉलीखाली गेलो असतो आमी.”

मग बाबा म्हणाले, “ठीक आहे. डिस्क टाकून पाहा. मग बोलू.” आणि फोन ठेवला. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली, आणि त्या संध्याकाळी भाकरी एकीकडून करपली. तशी त्यांची भाकरी कधी करपत नसे.

रविवारी आम्ही दोघी रफीकभाईंच्या शेडमधे होतो. त्यांनी पुढचं डावं चाक काढलं, जुनी डिस्क काढली, नवी बसवली आणि नट आवळून म्हणाले, “हो गया मॅडम.”

मावशी तिथेच उभ्या राहिल्या. “भाई, पिछली बार भी तासने के बाद ठीक चली थी. फिर वापस आया. डिस्क सीधी थी, फिर भी आया. क्यों?”

रफीकभाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. त्यांना प्रश्न आवडला नसावा असं मला वाटलं, पण ते विचार करत होते. मग त्यांनी एक जाड तार घेतली, चाकामागच्या दांड्याला पक्की बांधली आणि तिचं टोक डिस्कच्या कडेच्या अगदी जवळ, नखाएवढी फट ठेवून आणलं. “बेटी, इधर बैठ,” ते मला म्हणाले. “तेरी आँख अच्छी है. मैं घुमाता, तू दरार देख.”

मी जमिनीवर बसले आणि तारेच्या टोकाशी डोळा नेला. रफीकभाई डिस्क हाताने सावकाश फिरवू लागले. फट बारीक होत गेली, मग मोठी होत गेली. पुन्हा बारीक, पुन्हा मोठी. प्रत्येक फेऱ्याला एकदा.

“वाकडी आहे,” मी म्हणाले.

“नया डिस्क है! नया कायकू टेढा होता?” रफीकभाईंनी स्वतः वाकून पाहिलं. त्यांनी फट सर्वात बारीक होते तिथे डिस्कवर खडूने एक रेघ ओढली आणि तिच्या सरळ रेषेत, मधल्या हबवर, म्हणजे ज्या लोखंडी गोलावर डिस्क टेकते त्यावर, दुसरी रेघ ओढली.

“आता डिस्क काढून एक भोक पुढं सरकवून बसवा,” मावशी म्हणाल्या. उत्साहात त्यांना मराठी-हिंदीचं भान राहिलं नव्हतं. “डिस्क वाकडी असली तर डिस्कवरची रेघ जवळ येईल. नाहीतर दुसरी.”

रफीकभाईंना मराठी सगळी कळत असे. त्यांनी डिस्क काढली, एक भोक पुढे सरकवून बसवली, नट आवळले आणि फिरवली. मी श्वास धरून बघत होते. डिस्कवरची रेघ तारेसमोरून गेली आणि फट मोकळीच राहिली. मग हबवरची रेघ आली, आणि फट मिटली.

“दुसरी!” मी ओरडले. “हबवाली!”

डिस्क पुन्हा निघाली. हबवर उजेड पाडून पाहिलं तर एका बोल्टच्या मुळाशी गंजाचा पापुद्रा होता, जाड, तपकिरी, हात लावला तर हबचाच भाग वाटावा इतका घट्ट. मावशींना आठवलं, लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात त्या कित्येक आठवडे आईवडिलांकडे होत्या आणि गाडी शाळेच्या आवारात पावसात उभी होती. त्या पापुद्र्यावर टेकल्यामुळे डिस्क केसभर तिरकी बसायची. दर फेऱ्याला ब्रेकच्या पॅडला एकाच ठिकाणी घासायची, आणि घासून घासून त्या ठिकाणी पातळ व्हायची. मग हायवेवर ब्रेक दाबला की पॅड जाड जागेवरून पातळ जागेवर आपटत जायचं, आणि ते आपटणं स्टिअरिंगपर्यंत पोहोचायचं. नवी डिस्क टाकली असती तरी काही महिन्यांनी तेच झालं असतं. रफीकभाईंनी छिन्नीने पापुद्रा उडवला, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब घासून चांदीसारखा केला. उजव्या चाकाचाही केला. यावेळी नट आवळताना ते एकासमोरचा दुसरा असे थोडे थोडे आवळत गेले. मी पुन्हा डोळा लावला. डिस्क फिरली, फट जागची हलली नाही.

“देखा?” रफीकभाई मावशींना म्हणाले, जणू शंका मावशींनाच होती. मग हसले. मावशीही हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा, आणि मला एकदम जाणवलं की त्या काही फार मोठ्या नाहीत. माझ्या आईपेक्षा तर कितीतरी लहान होत्या.

परत येताना हायवेवर त्यांनी वेग वाढवला. मी मागे पाहिलं. कुणी नाही. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, आवाज न करता, हळू होत गेली. कप्प्यातली पेनं जागची हलली नाहीत. मावशींनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि पदराने डोळे पुसले. मी खिडकीतून बाहेर, सागाच्या पानगळलेल्या झाडांकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं. संध्याकाळी बाबांना त्यांनी एवढंच सांगितलं, “झाली दुरुस्त.” बाबा म्हणाले, “चला, बरं झालं.” क्वार्टरचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी लवकर उठून तयार झाले, वेणी घातली, पिशवीत पुस्तकं भरली आणि मग खाटेवर बसले. आता मी कशाला जायचं? गाडी बरी झाली होती. बाजूला बसून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मावशीही दारापर्यंत आल्या, माझी पिशवी पाहिली, आणि त्यांच्याही तेच ध्यानात आलं असावं. “भाकरी ठेवली आहे,” त्या म्हणाल्या. “हो,” मी म्हणाले. गाडी मागे गेली, वळली, गेली. भिंतीपलीकडे मालिका सुरू झाली. टाकी भरली, मी मोटर बंद केली. दुपारी मी अंबाडी खाल्ली आणि भांडी घासली. संध्याकाळी मावशी आल्या, म्हणाल्या, आज पण काही हललं नाही. मी म्हटलं, छान. त्यानंतरचे कितीतरी दिवस असेच गेले. घर त्याआधीही रिकामं होतं, पण तेव्हा ते मला एवढं मोठं वाटत नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात मला वरंगलच्या कॉलेजात सीट मिळणार होती आणि मी या घरातून कायमची जाणार होते, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, आता असंच.

मग माघातल्या एका सकाळी, गाडीचं इंजिन सुरू असताना, मावशी परत आत आल्या.

“प्रज्ञा, उजव्या बाजूनं काहीतरी आवाज येऊन राह्यला. टिकटिक असं. मले चालवतानी नीट समजत नाही.”

मी पुस्तकं न घेताच जाऊन बसले. गाव मागे पडलं, हायवे आला. धुकं नव्हतं, पळसाला कळ्या धरल्या होत्या. मावशी शंभरावर गेल्या, ब्रेक दाबला, पुन्हा वेग घेतला. मी कान देऊन ऐकत होते. इंजिन होतं, टायरांचा सूं सूं होता, खिडकीच्या फटीतून वारा होता. बाकी काही नव्हतं.

“येते का ऐकू?” रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

मी थोडा वेळ ऐकलं.

“येते,” मी म्हणाले. “बारीक आहे. उद्या पण यावं लागेल मले.”